टपावरचे चार होल्डर

स्टीलच्या नळीचा वरचा काठ बोटाला अजिबात टोचत नव्हता. हिम्मतरावांनी तर्जनी त्यावरून पूर्ण एक फेरी फिरवली, मग उलट दिशेने आणखी एक, आणि समाधानाने मान हलवली. नळी वीतभर उंच, बोटीच्या टपावर मागच्या बाजूला तीस अंश कललेली. अशा चार नळ्या, एका आडव्या रेषेत. गळाच्या काठ्या खोचायचे हे होल्डर अफझलगंजच्या जहांगीरभाई मिस्त्रींनी दोन दिवस खपून बसवले होते.

“हिला के देखो साब. जिंदगीभर हिलना नै बोले थे ना आप.”

हिम्मतराव नळी धरून चक्क लोंबकळले. नळी हलली नाही, अख्खी बोट हलली.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी हिमायतनगरमधल्या आपल्या इमारतीच्या पार्किंगमध्ये ही चौदा फुटी बोट बांधायला घेतली, त्याला सात वर्षं झाली होती. ती अजून पाण्यात गेली नव्हती, कारण एकट्याने जायचं नाही असं त्यांचं ठरलेलं होतं. ते पत्नीला, इंदुताईंना विचारत, “येणार ना?” इंदुताई म्हणत, “बघू.”

इंदुताईंनी तीस वर्षं कॉलेजात पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा सांभाळली होती. त्या नाही म्हणत नसत, फक्त शंका काढत. ऊन लागेल, म्हणाल्या तेव्हा बोटीवर फायबरचा टप आला. काठावरच्या होल्डरमधल्या काठीचा गळ कुणाच्या डोळ्यात जाईल, म्हणाल्या तेव्हा होल्डर टपावर चढले. टपाच्या आतून निघालेल्या नटांत केस अडकतील, म्हणाल्या तेव्हा नटांवर फायबरचा जाड थर बसला.

“चार होल्डर कशाला? माणूस एक,” त्यांनी परवाच विचारलं होतं.

“माणसं दोन. दोघांना दोन-दोन.”

“बघू.”

आता मात्र बघायला वेळ उरला नव्हता. पार्किंगची फरशी उखडायची होती, आणि रविवारी दुपारी बारापर्यंत बोट हलवा असा अर्ज सोसायटीतल्या सातजणांनी सह्या करून दिला होता. पहिली सही सेक्रेटरी केशवरावांची. त्यांनी गिऱ्हाईकही शोधून ठेवलं होतं: बेगम बाजारातला एक व्यापारी. त्याला फार्महाऊसच्या हिरवळीवर बोट ठेवून, तिच्यात माती भरून झेंडू लावायचे होते.

रविवारी दहा वाजता जहांगीरभाईंनी बोटीचा ट्रेलर जीपला जोडला. शहराबाहेर एका मित्राच्या शेताला लागून तलाव होता, तिथे जायचं. बोट डौलात अर्धी दाराबाहेर गेली आणि वरून ‘ठण्ण’ असा आवाज आला. पार्किंगच्या दारावरची तुळई आणि टपावरचे होल्डर यांची पहिली भेट झाली होती.

हिम्मतरावांनी वही काढली. तीत नळ्यांचा कोन अर्ध्या अंशापर्यंत अचूक लिहिलेला होता. दाराच्या उंचीचीही नोंद होती, पण सात वर्षांपूर्वीची, टप नव्हता तेव्हाची. पुढे एकच शब्द होता: ‘भरपूर’.

“नळ्या काढा की हो,” केशवराव म्हणाले.

“निघत नाहीत. नट आत गाडलेत.”

“मग कापा.”

“काट देऊं साब?” जहांगीरभाईंनी विचारलं, पण आवाज असा, की कुणी त्यांनाच कापायला सांगितलं असावं.

हिम्मतराव उपड्या बादलीवर बसले. केशवरावांनी व्यापाऱ्याचा नंबर काढला. तेवढ्यात इंदुताई टेप घेऊन खाली आल्या आणि स्टुलावर चढल्या.

“चार सेंटिमीटर जास्त आहे. जहांगीरभाई, ट्रेलरच्या चाकांतली हवा थोडी सोडा.”

हवा सोडल्यावर अडीच सेंटिमीटर मिळाले. इंदुताई वाकून ट्रेलरच्या स्प्रिंगकडे बघत राहिल्या. “दीड राहिलं. वर अर्धा मोकळा हवा. म्हणजे दोन. केशवराव, बोटीत बसा बरं.”

“मी? कशाला?”

“तुमचं वजन हवंय.”

“वहिनी, माझ्या वजनावर बोलायचं काम नाही हां.”

“बोलत नाही, मोजतेय.”

केशवराव बसले. टेप लागली.

“उतरा. आता पुन्हा बसा.”

“परत?”

“रीडिंग दोनदा घ्यायचं असतं. तुमच्यानं बोट चार मिलिमीटर दबली. बाकीच्यांचे सरासरी तीन धरले तरी साताठ माणसं पुष्कळ झाली.”

ज्यांना बोट जायला हवी होती, त्यांनीच तिच्यात बसायचं, हे केशवरावांनाही पटलं. त्यांनी सह्या करणाऱ्यांना एकेक फोन लावला. त्रिवेणी मेथी निवडायचं ताट घेऊनच आली. भाग्यलक्ष्मीबाई “अय्यो, पडणार तर नाही ना?” विचारत चढल्या आणि सगळ्यात चांगली जागा धरून बसल्या. फक्त गौतम सासुरवाडीला गेला होता. सहाजण दाटीवाटीने बसल्यावर इंदुताईंनी माप घेतलं.

“अठरा. दोन मिलिमीटर कमी.”

“एवढ्यानं काय होतंय? चालेल हो!” केशवराव म्हणाले.

“चालेल म्हणूनच वहीत ‘भरपूर’ लिहिलं होतं.”

हिम्मतराव बादलीवरून उठले आणि बोटीत चढू लागले.

“तुम्ही अठ्ठावन्न किलोचे. काठावर पास व्हाल,” इंदुताई म्हणाल्या. “टेप धरा. स्टुलावर उभे राहून फटीवर लक्ष ठेवा.”

आणि त्यांनी पदर खोचला. सात वर्षांत पहिल्यांदा त्या बोटीत चढल्या. स्प्रिंग करकरली. हिम्मतरावांनी टेप लावली, आकडा मोठ्याने वाचला, “वीस.” मग त्यांनी जीपकडे हात हलवला.

जीप मुंगीच्या पावलांनी निघाली. केशवरावांनी टपाखाली असूनही डोकं खाली घातलं. चारही नळ्या एकदम तुळईखालून गेल्या. फट होती बरोबर अर्धा सेंटिमीटर.

“वाह अम्मा!” जहांगीरभाई जीपमधून ओरडले. “इंजिनिअर साब के घर में असली इंजिनिअर तो ये हैं!”

“हे मी चाळीस वर्षं ओळखून आहे,” हिम्मतराव म्हणाले.

रस्त्यावर आल्यावर सहाजण रेंगाळत उतरू लागले. केशवरावांनी सीट पुन्हा एकदा दाबून पाहिली. “मऊ आहे हो, हिम्मतराव. झेंडू लावायच्या लायकीची नाही ही.” ते उतरले, त्यांनी फोन काढला आणि व्यापाऱ्याचा नंबर पुसून टाकला.

जहांगीरभाई पंप घेऊन चाकांशी बसले. इंदुताई बोटीतच होत्या. हिम्मतरावांच्या ओठांवर नेहमीचा प्रश्न आला, पण त्यांनी तो गिळला आणि उतरायला आधार म्हणून हात पुढे केला.

इंदुताईंनी हात धरला नाही. त्या बोटीच्या मागच्या टोकाला उभ्या राहिल्या, टपावर हात लांबवून त्यांनी उजवीकडच्या नळीच्या काठावरून तर्जनी एक फेरी फिरवली. मग उलट दिशेने आणखी एक.

“मी येते,” त्या म्हणाल्या. “उजवीकडचे दोन माझे.”