सर्जेराव आप्पांची रक्ततपासणी

सर्जेराव आप्पा लग्नाच्या पंगतीला बसले की आचारी चटणीचं पातेलं मागं सरकवतो. आप्पा शेंगदाण्याची चटणी आधी बोटावर घेऊन हुंगतात आणि भर मांडवात विचारतात, "दाणं कवाचं हायती? कुबट वास येतोय!" कोरेगावच्या एका लग्नात तर त्यांनी नवरीच्या बापाला बुरशी धरलेलं अख्खं पोतं उकिरड्यावर ओतायला लावलं. "ह्या बुरशीच्या इषानं लिव्हरचा कॅन्सर हुतोय!" मंगलाष्टका तोवर खोळंबल्या.

आप्पा आमचे शेजारी, फौजेतले निवृत्त हवालदार. सात वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोला, हौसाकाकूंना, लिव्हरचा कॅन्सर झाला आणि तीन महिन्यांत त्या गेल्या. तेव्हापासून आप्पा भेटेल त्याला ऐकवतात, "लिव्हर मुकं असतंय गड्या. वरडतंय तवा लय उशीर झालेला असतोय." दारू पिऊन येणारे त्यांना बघून बांधावरून पळतात. बाळंतिणीच्या घरी ते बारशाआधीच हजर. "ब काविळीची लस टोचली का? कार्ड दावा."

यंदा सांगलीहून डॉक्टरांचं पथक आलं. हा कॅन्सर या भागात कुणाला आणि का होतो, याचा ते अभ्यास करत होते. त्यासाठी गावकऱ्यांचं रक्त हवं होतं. आप्पांनी शाळेच्या पटांगणात गाव रांगेत उभं केलं. माझी सत्तरीची आईसुद्धा 'सावधान'मध्ये.

दुपारी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हवालदार, तुमचंच राहिलं."

"माजं ऱ्हाऊ द्या," म्हणाले, आणि चक्क पळाले.

मी मागोमाग त्यांच्या घरी गेलो. चुलीपुढं बसले होते.

"आवं आप्पा, सुईला भ्यालात?"

त्यांनी मनगटावरचं गोंदण पुढं केलं. "मास्तर, हौसाला ब कावीळ हुती, त्यातनंच कॅन्सर झाला. ती नवऱ्याकडनं बी येती म्हणं. मी फौजेत असताना जत्रंत हे गोंदून घेतलं. धा जणांना एकच सुई. आता माज्या रक्तात निघाली, तर मीच मारली की रं तिला!"

मी एवढंच म्हणालो, "आणि न्हाई निघाली तर?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी रक्त दिलं. पुढचे आठ दिवस त्यांनी कुणाला लसीचं कार्ड विचारलं नाही. एका पंगतीत चटणी न हुंगता खाल्ली, तेव्हा आचारीच घाबरला.

रिपोर्ट आणायला सांगलीला मी सोबत गेलो. डॉक्टरीणबाई कागद वाचू लागल्या. आप्पा ताठ उभे, पण माझा दंड त्यांनी इतका घट्ट धरला होता की बोटं रुतली.

"आप्पा, विषाणू नाही. पूर्वी कधी लागण झाल्याची खूणसुद्धा नाही."

"पुन्यांदा सांगा."

बाईंनी पुन्हा सांगितलं. आप्पा बाहेर येऊन बाकावर बसले, टोपी काढून तोंडावर धरली. खांदे हलत होते.

"हार घालताना सुदिक तिच्या फोटोकडं मान वर करून बघितलं न्हाई मास्तर. सात वर्षं."

मग डोळे पुसून उठले. "चला, एस्टी गाठू. घरी ती वाट बघत असंल."