श्वास कुठं घेताय?

प्रजासत्ताक दिनी आमच्या सोसायटीचे चेअरमन भाषणात "या देशाच्या" म्हणून थांबले आणि मागून आवाज आला, "इथं श्वास नको होता!" भाषण तिथंच संपलं. सगळ्यांनी मनातल्या मनात नानांचे आभार मानले. चेअरमनसाहेबांनी मात्र नोटीस काढली.

नाना दामले माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. माणूस बोलताना श्वास कुठं घेतो, याची चौकशी करणारे सदाशिव पेठेतले हे एकमेव गृहस्थ. भाजीवाली "मेथी घ्या, शेपू घ्या" ओरडत आली की हे खिडकीतून, "शेपूच्या आधी घे गं!" आणि बसून म्हणून कधी बोलणार नाहीत. कप हातात घेऊन स्वयंपाकघर, बाल्कनी, जिना, परत स्वयंपाकघर. एकदा मी वैतागलेच.

"अहो नाना, बसा ना! मला गरगरायला लागलंय."

"बसलं की पोट दबतं. मग श्वास कुठं ठेवू?"

एके काळी नानांना मोठी मागणी होती. ऑर्केस्ट्रात गायचे. जाहिरातींत म्हातारा, शाळकरी पोरगी, रडकं बाळ, काय म्हणाल तो आवाज काढायचे. आणि कॅसेटच्या गाण्यांमागचा कोरस बसवायचे. कोरसात सगळ्यांनी एकदम श्वास घेतला तर गाणं तुटतं, म्हणून कुणी कुठं घ्यायचा हे नाना प्रत्येकाच्या कागदावर लाल पेन्सिलीनं लिहून द्यायचे. पुढे कीबोर्ड आला आणि एकाच पेटीतून चाळीस जणांचा आवाज निघायला लागला. "त्याला फुप्फुसं आहेत का?" नाना विचारायचे. ऐकतंय कोण! फोन वाजेनासा झाला आणि नानांच्या येरझाऱ्या वाढल्या.

आमच्या आयटी कंपनीला वार्षिक समारंभासाठी गाणं हवं होतं. मी नानांचं नाव सुचवलं. हे एक जमलं तर पुन्हा बोलावणी येतील, या आशेनं नाना झपाटल्यासारखे कामाला लागले. येरवड्याच्या एका स्टुडिओत कोरसाचे आठही आवाज एकटेच गायले, बायकांचेसुद्धा. अर्थात उभ्यानं.

सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हा माझा धंदा. रेकॉर्डिंग ऐकताना मी पकडलंच.

"नाना! चौथ्या ओळीत तुमचाच श्वास चुकलाय! 'उजा' म्हणता, थांबता, मग 'डताना'. आठही आवाजांत तिथंच!" मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

"काका, टेन्शन नका घेऊ, जोडून टाकतो," रेकॉर्डिंगवाला म्हणाला. दोन क्लिक, आणि ओळ गुळगुळीत.

नाना खुर्चीत बसले. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

"अगं, तीस वर्षं आम्ही दोघं एका माइकवर गायलो," ते म्हणाले. दोघं म्हणजे ते आणि त्यांच्या पत्नी, सुधाकाकू. काकूंना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. "ती ओळीच्या शेवटी श्वास घ्यायची, मी शब्दाच्या मध्ये. माझी जागा ती भरायची. सवय आहे, जात नाही." मग म्हणाले, "राहू दे जोडलेलं. काम जाईल हातचं."

मला माझीच लाज वाटली. "होतं तसं करा," मी रेकॉर्डिंगवाल्याला सांगितलं.

"मॅडम, कंपनी म्हणेल गाणं तुटतंय."

"कंपनीचं मी बघते."

बघणार काय, कपाळ! समारंभाला नाना आणि मी सभागृहात मागे उभे होतो. स्पीकरवर गाणं लागलं. चौथी ओळ आली. "उजा..." आणि पुढे शांतता. आमच्या कंपनीच्या साहेबांच्या कपाळावर आठी पडली. शाळेत समूहगीतातून हाकलून दिलेली मी, डोळे मिटून त्या जागेत खणखणीत "आ" लावला. पुढच्या रांगा वळून बघायला लागल्या, पण ओळ काही तुटली नाही.

नाना समोरच बघत होते. गाणं संपलं. मग नाक ओढून म्हणाले, "सूर खाली होता."

आणि थोडं थांबून, "श्वास बरोबर होता."