नाना सेलूकरांचे पाच टक्के

नानांच्या कमरेत उसण भरली त्या दिवशी मी आणि बिल्डिंगीतल्या शिंदे साहेबांनी त्यांना अक्षरशः घडी घालून रिक्षात बसवलं. दवाखाना येईपर्यंत "आई गं, मेलो रे" एवढंच चालू होतं. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "आजोबा, कुठं दुखतंय?" तर नाना टेबलाला धरून, तसेच वाकलेले, म्हणतात कसे, "ते नंतर. आधी सांग पोरी, तुमचं कार्डाचं मशीन कोणत्या कॅटेगरीत आहे?"

चौकशी केली तर दवाखान्यात एक टक्का कॅशबॅक आणि खालच्या मेडिकलमध्ये तीन. झालं! इंजेक्शन, सुई, कापूस, पट्टा, सगळं मला जिना उतरून आणायला लावलं. कंबर धरली होती माणसाची, पण वरचे दोन टक्के सोडले नाहीत.

असा माणूस बजाजनगरात माझ्या शेजारी राहतो. भिंतीला भिंत. नाना सेलूकर, वय अडुसष्ट, पाटबंधारे खात्याच्या कचेरीत जावक कारकून म्हणून रिटायर. नानी जाऊन चार वर्षं झाली, मुलगी बंगळुरूला. घरात नाना आणि त्यांची सहा क्रेडिट कार्डं. ही कार्डं नानींच्या पितळी पानडब्यात राहतात. चुन्याच्या खणात पेट्रोलचं, काताच्या खणात किराण्याचं, सुपारीच्या खणात औषधांचं. बाजाराला निघायचं म्हणजे आधी डबा उघडायचा, योग्य ते कार्ड काढायचं, सदऱ्याच्या टोकानं पुसायचं आणि मगच चपला घालायच्या.

कुणी हसलं की त्यांचं एकच वाक्य असतं, "फुकटचं नाही घेत बाबू, हक्काचं घेतो." आणि कुणी कशावरही पैसे खर्च केल्याचं सांगितलं, अगदी पोरीच्या बारशाचं सांगितलं, तरी पहिला प्रश्न, "कॅटेगरी कोणती?"

अख्खी बिल्डिंग कार्ड घ्यायच्या आधी नानांकडं जायची. ते पत्रिका बघितल्यागत तीन महिन्यांच्या पावत्या मागवून घ्यायचे. चष्मा कपाळावर, पावती नाकाला. आमचे सेक्रेटरी शिंदे साहेब, चांगले मिशीवाले, सगळ्यांना दम देणारे, तेसुद्धा गेले होते. नानांनी पावत्या चाळल्या आणि म्हणाले, "तुम्हाला बेकरीवर पाच टक्के देणारं कार्ड पाहिजे. शुगर किती आहे हो तुमची?" वहिनी शेजारीच बसलेल्या. त्या दिवसापासून शिंदे साहेबांचं नानांशी जरा वाकडंच होतं.

आता त्या उन्हाळ्याचं सांगतो. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती. जायकवाडीचा तळ उघडा पडलेला. आणि शहर तर असं वाढत होतं की विचारू नका. जिकडं बघावं तिकडं नवीन बिल्डिंगा, नवीन प्लॉटिंग, गुळगुळीत रस्ते. नळाला तेवढं पाणी नाय. आमचं बोअर फेब्रुवारीतच आटलं. मग टँकर. वीस फ्लॅट, वीस सारखे हिस्से, आणि शिंदे साहेबांचा नियम: पाच तारखेपर्यंत हिस्सा आला नाही की त्या घराचा व्हॉल्व्ह बंद, आणि जिन्याखालच्या फळ्यावर नाव.

इथं माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी मी त्या वेळी बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. मी वाळूजला ठेकेदाराच्या हाताखाली मशीनवर होतो. मार्चच्या सुरुवातीला ठेकेदारानं आम्हाला अकरा जणांना उभं केलं आणि सांगितलं, उद्यापासून येऊ नका. मी घरी आलो आणि तोंडच उघडेना. वैशालीला काय सांगू? दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नेहमीसारखा डबा हातात दिला आणि मी नेहमीसारखा युनिफॉर्म घालून निघालो. असं रोज. जिथं काम मिळेल तिथं विचारायचं, आणि दुपारी कुठंतरी बसून डबा खायचा. घर कसंबसं चालत होतं, पण टँकरचा हिस्सा काढायला मागं काही उरलं नव्हतं. रात्रंदिवस तो फळा दिसायचा मला. पाणी बंद झालं असतं हे एक, आणि फळ्यावर नाव लागलं की वैशालीला सगळं कळलं असतं, हे त्याहून वाईट.

त्याच महिन्यात नानांनी नवीन कार्ड घेतलं. सातवं! त्याची गंमत अशी, की वर्षभरासाठी एकच कॅटेगरी आपण निवडायची. तिच्यावर पाच टक्के परत, बाकी सगळ्यावर चिल्लर. किराणा, पेट्रोल, औषधं, प्रवास किंवा हॉटेल. एकतीस मार्चच्या आत निवडायचं, मग वर्षभर बदल नाही.

बिल्डिंगीत दुसरा विषयच राहिला नाही. बायका म्हणाल्या किराणा. शिंदे साहेब म्हणाले, "औषधं घ्या, वय झालं तुमचं." नाना तीन आठवडे कुणाशी धड बोलले नाहीत. गॅलरीत येरझाऱ्या. एकदा तर दोन दिवस कुठं गायब होते तेच कळलं नाही. नगर रोडला हिंडत होते म्हणे. आणि तीस तारखेला त्यांनी जाहीर केलं, "हॉटेल."

अख्खा जिना हसला. जो माणूस बाहेरचा चहा पीत नाही, लग्नाला जातानासुद्धा थर्मास बरोबर नेतो, तो हॉटेलवर पाच टक्के घेणार! "नाना, आता रोज पनीर काय?" मीही विचारलं. हसायची माझी काय लायकी होती ते माझं मला माहीत, पण हसलो.

"हसा हसा," नाना म्हणाले. "दात दिसू द्या. मोजून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी मीटिंग होती. नाना उठून उभे राहिले. "टँकरचं बिल दर महिन्याला मी माझ्या कार्डावर भरतो. तुम्ही आपापला हिस्सा माझ्याकडं आणून द्या. किती आले, कुणाचे आले, ते मी बघून घेईन. शिंदेंना त्रास नको. मात्र जो काही कॅशबॅक मिळेल तो माझा. नंतर कुणी विचारायचं नाही. लिहून द्या."

"घ्या हो," शिंदे साहेब हात झटकत म्हणाले. "मिळून मिळून काय मिळणार? दात कोरून कुठं पोट भरतं का?" आणि खरंच लिहून दिलं. खाली सही.

राहिला टँकरवाला. जब्बारभाई रोखीशिवाय हात लावायचा नाही. नाना त्याला गेटावर अडवून म्हणाले, "तुझं ते मशीन घेऊन ये."

"काका, मैं पानी बेचता. बँक नई खोला मैं."

"अरे, बीस घर का पैसा एकदम मिलेगा! चिल्लर गिनने का नक्को, उधारी का नक्को."

"मशीनवाले काटते ना काका उसमें से."

"काटते थोडा. पर पिछले साल तेरा कितना डूबा, बोल?"

जब्बारभाईनं डोकं खाजवलं. बुडालं बहुतेक लई असावं. दुसऱ्या खेपेला तो मशीन घेऊन आला.

तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. एप्रिलचं ऊन, गेटात टँकर, बायका पाइप धरून उभ्या, आणि मशीनला रेंज नाही. जब्बारभाई वैतागला. "पानी डालू के नक्को? आगे दो बिल्डिंगां खडे हैं मेरे!" शिंदे साहेब ओरडले, "नाना, रोख द्या आणि मिटवा!" तेवढ्यात बघतो तर काय, नाना टँकरची शिडी चढतायत! अडुसष्ट वर्षांचा माणूस, ती तसली कंबर, एका हातात शिडी, दुसऱ्या हातात मशीन. "अहो नाना, उतरा!" बायका खालून किंचाळल्या. नाना टँकरच्या माथ्यावर जाऊन उभे राहिले, मशीन आभाळाकडं धरलं, आणि गोल फिरायला लागले. पूर्वेला तोंड झालं तसं मशीन किणकिणलं. सर्रकन पावती बाहेर!

नानांनी चष्मा कपाळावर घेतला, पावती नाकाला लावली आणि वरूनच ओरडले, "शिंदे! वाचू का? काय लिहिलंय? फॅमिली ढाबा!"

कुणाला काही समजेना. मग नानांनी वरूनच भाषण ठोकलं. जब्बारभाईचा नगर रोडला ढाबा आहे, टँकर त्याच ढाब्यामागच्या विहिरीवर भरतो, आणि त्याच्याकडं मशीन एकच, ढाब्याचं. मशीन ज्या धंद्याच्या नावानं घेतलं, बँकेला तोच धंदा दिसणार. "म्हणजे बँकेच्या लेखी आज आपली अख्खी बिल्डिंग ढाब्यावर जेवली! कॅटेगरी कोणती?"

"हॉटेल!" खालून सगळ्या बायका एका सुरात.

काय टाळ्या पडल्या! वैशालीनं तर पाइपात उरलेलं पाणी वर उडवलं. जब्बारभाई कपाळाला हात लावून हसत सुटला. "काका, तुमकू तो मेरे गल्ले पे बिठाना मंगता था!" नाना शिडी उतरून आले ते गड जिंकून आल्यासारखे. माझं सगळं दुःख मी तेवढ्या पाच मिनिटांत विसरलो होतो, खोटं कशाला बोलू.

महिना संपला आणि कार्डाचं स्टेटमेंट आलं. पाच टक्के, चोख. शिंदे साहेबांच्या पोटात दुखायला लागलं. "पाणी सगळ्यांचं, मग कॅशबॅक सोसायटीचा नको?" नानांनी सहीचा कागद पुढं केला. मग जिन्यात कुजबुज सुरू झाली. म्हातारा पक्का निघाला. कुणासाठी साठवतोय एवढं? मीही म्हणालो तसं. वैशालीजवळ म्हणालो, "लोकांच्या पाण्यावर कमावतोय." हे शब्द माझेच होते.

आणि माझा हिस्सा? एप्रिलची पाच तारीख आली तेव्हा मी नानांच्या दारासमोरून चप्पल हातात घेऊन गेलो होतो. सहा तारखेला नळ सोडला तर पाणी आलं. फळा कोरा. वाटलं, गडबडीत विसरले असतील. आपण कशाला हात दाखवून अवलक्षण करायचं? मे महिन्यातही तेच. तेव्हा मात्र शंका आली. विसरणारा माणूस नव्हे हा, अकरा रुपयांसाठी बँकेशी महिनाभर भांडलेला. तरी मी गप्प बसलो. लाज माणसाला लई खाली नेते.

जूनमध्ये मला शेंद्र्याला काम लागलं, तेही पर्मनंटच्या बोलीवर. त्या संध्याकाळी वैशालीला सगळं सांगितलं. ती रडली, चिडली, मग तिनं स्वतःच्या साठवणीतले पैसे काढून हातात ठेवले. "आधी नानांचे देऊन या," म्हणाली.

नाना गॅलरीत मटकी निवडत बसले होते. मी पैसे पुढं केले. "नाना, तीन महिन्यांचे हिस्से."

"तुझे आलेत."

"कुठून आलेत? मी दिलेच नाहीत."

नानांनी मटकीतून एक खडा काढला, खाली टाकला. "वीस घरं आहेत आपली. वीस घरांचे पाच टक्के म्हणजे किती घरं होतात, सांग बरं."

एक. बरोब्बर एक घर.

मी ताटाशेजारी खाली बसलो. ती तीन आठवड्यांची येरझार, ते नगर रोडला हिंडणं, टँकरवर चढणं, लिहून घेतलेला कागद, हिस्से स्वतःच्या हातात घेणं. सगळं माझ्या एका नळासाठी. आणि मी काय म्हणालो होतो त्यांना! मला रडू आवरेना. "नाना, तुम्हाला कळलं कसं?"

"सिद्धार्थ गार्डनमध्ये," नाना म्हणाले. "मार्चात. तू कारंज्याजवळच्या बाकावर डबा खात होतास, युनिफॉर्ममध्ये. शिफ्टच्या टायमाला."

"तुम्ही तिथं काय करत होतात?"

"मी रोजच जातो की. अर्ध्या तिकिटात. अकरा ते तीन." ते मटकीकडंच बघत होते. "घरात दुपार जात नाही रे. नानी होती तेव्हा कळायचंही नाही कधी चार वाजले."

तीन महिने मी त्या बागेत बसत होतो. "मग हाक का नाही मारली?"

"हाक मारली असती तर तू दुसऱ्या दिवसापासून दुसरी बाग शोधली असतीस. म्हणून लांबच्या बाकावर बसायचो. तू डबा उघडलास की मीही माझा उघडायचो." नाना थोडं हसले. "बरं वाटायचं. कुणाबरोबर तरी जेवल्यासारखं."

मग त्यांनी माझे पैसे माझ्याच खिशात कोंबले, मटकीचं ताट बाजूला केलं आणि विचारलं, "शेंद्र्याला रविवारी सुट्टी असते का रे?"

"असते नाना," मी म्हणालो. "डबा मी आणतो. दोघांचा."