वाईट शब्दांचा डबा

ड्राफ्ट्समनने जपानी शिकायला घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात घराच्या भिंती शब्दांच्या कागदी पट्ट्यांनी भरल्या. पुढून कांजी म्हणजे जपानी चित्राक्षरं, मागून मराठी अर्थ, वरच्या कडेला चिकटपट्टी. पट्टी उचलली की अर्थ दिसे. कारखान्यातून वर्षभरासाठी जपानला एकच माणूस जाणार होता आणि साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, परीक्षा पास झालास तर तू. गेली बारा वर्षं दुसऱ्यांच्या यंत्रांची चित्रं काढणाऱ्या या माणसाला त्यातलं एखादं यंत्र चालताना बघायचं होतं.

बायकोला त्याने नियम घालून दिला. "मला विचारत जा. जो शब्द पाठ झाला, ती पट्टी काढून टाकायची."

बायकोने दोन दिवस विचारलं. मग तिच्या ऑफिसात वर्षअखेरीची कामं निघाली आणि ते राहून गेलं. पट्ट्या मात्र उतरत राहिल्या. तिला वाटलं, नवराच काढतोय. नवऱ्याला वाटलं, बायको काढतेय, म्हणजे आपले शब्द पाठ झाले. भिंत जसजशी मोकळी होऊ लागली तसतशी त्याची मान ताठ होऊ लागली.

परीक्षेत एक मोठा उतारा आला. एक माणूस सायकलवरून निघतो. मग काही अनोळखी शब्द. मग पांढरी खोली, फुलं घेऊन आलेले नातेवाईक आणि 'आता काळजी नको' म्हणणारे एक गृहस्थ. ड्राफ्ट्समनने 'त्याचं लग्न ठरलं' या पर्यायावर खूण केली. पांढरी खोली जरा खटकली, पण तिकडे तशी पद्धत असेल, म्हणून त्याने मनाची समजूत घातली.

निकाल लागला. परीक्षा थोडक्यात हुकली. साहेब म्हणाले, "पुढच्या परीक्षेपर्यंत थांबतो. त्यानंतर नाही."

घरी येऊन तो बायकोवर घसरला. "न विचारताच पट्ट्या काढल्यास?"

"मी कशाला काढू? मला वाटलं तुम्हीच काढताय."

दोघांनी एकदमच कोपऱ्यात बसलेल्या त्याच्या आईकडे पाहिलं. आई भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"मी काढल्या," ती म्हणाली. "माझ्या उशाशी 'आजार' लावलास. दारावर 'चोर', कपाटावर 'तोटा'. तुमच्या आरशावर तर 'घटस्फोट'. घर आहे की काय आहे?"

"आई, ते नुसते शब्द आहेत."

"मग नुसते चांगले शब्द लाव."

ती उठली आणि बिस्किटांचा जुना डबा घेऊन आली. पट्ट्या आत नीट रचून ठेवल्या होत्या. "एवढं सुबक अक्षर काढलंयस, फेकवेना."

ड्राफ्ट्समनला रागही आला आणि गलबलूनही आलं. तो पट्ट्या परत भिंतीवर लावू लागला. एक हातात धरून त्याने आठवून पाहिलं. "हा... पाऊस?"

"अपघात," आई तिथूनच म्हणाली. "तो स्वयंपाकघरात नको."

त्याने पट्टी उलटली. अपघात. त्याने दुसरी धरली.

"दिवाळं."

तिसरी.

"शस्त्रक्रिया. आण ती इकडे."

बायको काम सोडून बघत राहिली. ड्राफ्ट्समन डब्याशेजारी खाली बसला. "आई, तुला हे वाचता कसं येतं?"

"एकेक शब्द चार-चार ठिकाणी लावलास. रोज प्रत्येक पट्टी उलटून बघायला माझे गुडघे चालतात होय? लांबूनच ओळखायला लागले. वाईट असली की काढायची."

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली, पण जिन्यात. असले शब्द घरात नकोत, ही आईची अट. आई वरच्या पायरीवर, मुलगा खालच्या. 'पूर', 'दुष्काळ', 'राजीनामा' एका बैठकीत झाले. चुकला की ती पट्टी परत डब्याच्या तळाशी जाई.

डबा संपत आला. मग आईने उघड्या दारातून आतल्या भिंतीकडे बोट केलं. तिथे अजून पट्ट्या होत्या, तिने कधीच न काढलेल्या.

"त्या तू शिकव मला," ती म्हणाली. "त्यांच्याकडे मी कधी नीट बघितलंच नाही."