घर पिकू द्या

आमच्या बदनापुरात कुणी नवं घर बांधलं, की वास्तुशांतीला भटजी यायच्या आधी नाना रंगारी येतात. बोलावणं लागत नाही. काखेत स्वतःचं लाकडी स्टूल. नव्या खोलीत शिरायचं, दारं-खिडक्या आतून लावून घ्यायच्या अन् स्टुलावर बसून ते भलंमोठं नाक छताकडं करून सूं सूं करत राहायचं. अर्ध्या तासानं लालबुंद डोळ्यांनी बाहेर येऊन निकाल, "कच्चं हाय. घर पिकू द्या."

आता घर म्हणजे काय अढीतला आंबा आहे? पण नानांचे नियम ठरलेले. ऑइल पेंटला चाळीस दिवस. प्लायवूडच्या कपाटाला दोन महिने, अन् तेही दारं सताड उघडी ठेवून. खोलीला समोरासमोर खिडक्या नसतील तर भिंत फोडा.

गंमत म्हणजे पंचवीस वर्षं अर्ध्या तालुक्याला ऑइल पेंट याच माणसानं मारला. बायको दम्यानं गेली, त्यानंतर ब्रश टाकला अन् हा उलटा धंदा सुरू केला. फुकट!

एका अडत्याच्या बंगल्यात तर भर पंगतीत ओरडले, "आत झोपू नका, डोकी धरतील!" मुंबईच्या व्याह्यांनी मुकाट्यानं गाद्या उचलून अंगणात घातल्या. त्या घरी नानांना अजून कुणी पाणी विचारत नाही. नानांना त्याचं काही नाही. मध्ये कुणा इंजिनिअरनं सांगितलं, की मोठ्या शहरांत आता रंगाच्या अन् लाकडाच्या वासालासुद्धा नियम निघालेत, घरातली हवा मशीन लावून तपासतात. झालं! महिनाभर नाना गावाला ऐकवत होते, "तिकडं सांगितलं तं कायदा, मी सांगितलं तं येडा!"

मग आमची पाळी आली. सुनीता, आमची लेक, पहिल्या बाळंतपणाला येणार होती. तिच्यासाठी मी मागं नवी खोली काढली. गुलाबी ऑइल पेंट, प्लायवूडचं कपाट, सगळं झोकात. ती यायला आठ दिवस उरले अन् नाना स्टूल घेऊन हजर. निकाल नापास. दुसऱ्या दिवशी नापास. तिसऱ्या दिवशीही नापास.

"मास्तर, लेकरू ठेवू नका हितं."

माझ्या बायकोचा पारा चढला. "मंग लेकीला काय गोठ्यात ठेवू? उगा नाकानं कांदे सोलून राह्यले! बघतेच यांचं नाक."

चौथ्या दिवशी नाना यायच्या आधीच तिनं खोलीतल्या कपाटामागं हिंगाची डबी उघडून ठेवली. चांगला उग्र, खड्याचा हिंग. बंद दाराच्या फटीतून त्याचा वास मला ओसरीवर येत होता. नाना अर्ध्या तासानं बाहेर आले.

"रंगाचा वास हाय अजून."

"अन् हिंगाचा?" बायकोनं विचारलं.

"कसला हिंग?"

मी फिस्सकन हसलो. बायकोनं कमरेवर हात ठेवले. "अहो नाना, तुम्हाला वासच येत न्हाई! अन् गावभर नाक वर करून फिरता?"

नाना स्टुलावर बसले. पंच्यानं डोळे पुसले.

"न्हाई येत, बाई. रंग मारू मारू नाक कधीचंच गेलं. डोळे चुरचुरतात, त्याच्यावरून सांगतो." मग म्हणाले, "आमच्या हिला निळा रंग आवडायचा. दिवाळीला खोली निळी केली, थंडी म्हणून खिडकी लावून घेतली. ती म्हणे, लई वास येतो, जीव गुदमरतो. मी म्हणलं, कसला वास? मला तं न्हाई येत. नखरे करू नको म्हणलं, बाई. तीन दिवस झोपली बिचारी तिथंच. चौथ्या दिवशी दवाखान्यात नेलं, ती परत आलीच न्हाई."

मला माझीच लाज वाटली. बायको आत गेली, डबी उचलली, दोन्ही खिडक्या उघडल्या अन् मला म्हणाली, "कपाट अंगणात काढा."

सुनीताला पुढच्या खोलीत ठेवलं. माझी खाट ओसरीवर आली. नात झाली, बारसं झालं, तरी नाना खोली पास करीनात. तिसऱ्या महिन्यात एकदाचे कोरड्या डोळ्यांनी बाहेर आले. "पिकलं!" म्हणाले अन् स्टूल काखेत मारून तिथंच घुटमळत उभे राहिले.

"बाई, माझं एक काम होतं. जरा घरी येता का?"

आम्ही दोघं गेलो. निळी खोली रिकामी होती. खिडकी सताड उघडी, बिजागऱ्या गंजलेल्या, कोनाड्यात चिमण्यांनी काड्या आणून टाकलेल्या. नाना उंबऱ्याबाहेरच थांबले.

"ती गेली तवापासून खिडकी लावली न्हाई. नऊ वर्षं झाली. मला तं काई कळत न्हाई. तुमचं नाक चांगलं हाय, बाई. खरं सांगा, वास येतो का अजून?"

बायको खोलीच्या मधोमध उभी राहिली. डोळे मिटून तिनं लांब श्वास घेतला. मग पुन्हा एकदा घेतला.

"न्हाई येत, नाना. बिलकुल न्हाई."

नानांनी मान हलवली. बोटानं खिडकी दाखवली.

"मंग आता लावू का?"