टॉवरवरून 'ओढो!'

उंचीची भीती? मला? छे! आमच्या बँकेतले लोक स्टुलावर चढून पंखा पुसताना देवाचं नाव घेतात. मी साठ फुटी टॉवरवर चढून शीळ घालतो! मी परवानाधारक हॅम रेडिओवाला. म्हणजे घरच्या सेटवरून जगभरातल्या माझ्यासारख्याच खुळ्यांशी गप्पा मारणारा. त्यासाठी उज्जैनच्या माधव नगरात, आमच्या गच्चीवर, टॉवर आणि त्यावर अँटेना.

केबल टीव्ही नुकताच घरोघरी पोचत होता, त्या दिवसांतली ही गोष्ट. वादळात जुना अँटेना वाकला, म्हणून मी नवा बनवला. अॅल्युमिनियमच्या नळ्यांचा, देवमाशाच्या सांगाड्याएवढा! रविवारी सकाळी तो चढवायचा. बेत सोपा होता. मी कमरेला पट्टा बांधून वर. टोकाला कप्पी. शेजारचे व्यासजी गच्चीवरून दोर ओढणार आणि माझी बायको जयू दुसऱ्या दोरीनं अँटेना टॉवरपासून लांब धरणार.

पलीकडच्या घरातले भय्यासाहेब सकाळीच बजावून गेले होते, "श्रीकांत, आज आमच्या ऋताला बघायला देवासहून पाहुणे येतायत. गडबड नको!"

"भय्यासाहेब, तुम्हाला पत्तासुद्धा लागणार नाही!"

अँटेना झोकात वर निघाला. निम्म्यावर व्यासजी दम खायला थांबले. त्यांना मराठी येत नाही, म्हणून मी वरून त्यांच्या सोयीसाठी हिंदीत ओरडलो, "ओढो!"

"क्या?"

"ओढो! ज़ोर से ओढो!"

त्या वाऱ्यात व्यासजींना ऐकू आलं, 'छोड़ो!'

"पक्का छोड़ूँ, भिया?"

मला ऐकू आलं फक्त 'पक्का'. "हाँ, हाँ, पक्का!"

त्यांनी सोडला!

दोर सापासारखा सळसळत सुटला. अँटेना खाली कोसळायला लागला. "अहो, माझ्या कुरडया!" जयू किंचाळली आणि गच्चीवरचं वाळवण वाचवायला तिनं सगळा जोर लावून आपली दोरी बाहेरच्या बाजूला खेचली. अँटेना कठडा ओलांडून झोक्यासारखा भय्यासाहेबांच्या गॅलरीत शिरला! इकडे सुटलेल्या दोराचा वेढा माझ्या घोट्याला बसला आणि दोर जागच्या जागी अडकला. मी ना वर, ना खाली.

गॅलरी आणि दिवाणखाना यांच्यामध्ये नवा कोरा पडदा होता. अँटेनाच्या टोकानं तो अलगद बाजूला सारला. आत बसलेल्या पाहुण्यांना काय दिसलं? पोह्यांची ताटली घेऊन खाली मान घालून यायची ती ऋता गॅलरीत उभी राहून जिलबी खात होती! दोन्ही गाल फुगलेले, हनुवटीवर पाक.

 आणि मुलगा, अरविंद त्याचं नाव, खो खो हसत सुटला!

भय्यासाहेब गॅलरीत धावत आले. "श्रीकांत! हे काय करून राहिलात तुम्ही?"

"भय्यासाहेब, माझा पाय! तो अँटेना जरा उचलून धरा, म्हणजे दोर सैल होईल!"

"मी बघतो," म्हणत अरविंद पुढे झाला. नळ्या कठड्यात अडकल्या होत्या. एका बाजूनं तो, दुसऱ्या बाजूनं जिलबी गिळत ऋता.

"तुम्ही खा आधी," तो म्हणाला.

"तुम्हाला हवी?" ऋतानं विचारलं.

"आत सगळे बघत होते, म्हणून मी एकच घेतली होती."

ती हसली. मग तो हसला. मग दोघं बोलत बसली! माझ्या पायाला मुंग्या आल्या.

"अहो, दोर!" मी ओरडलो.

"गप्प बसा हो वर!" जयूनं खालून दटावलं. "चांगलं जमतंय त्यांचं!"

शेवटी कुणाला तरी दया आली. अँटेना उचलला गेला, घोटा सुटला आणि मी लंगडत उतरलो. भय्यासाहेबांची माफी मागायला गेलो, तर तिथे पेढे वाटणं चाललेलं! भय्यासाहेबांनी मला मिठीच मारली. ऋता लाजत होती. माझी छाती फुगली. हे स्थळ जुळवलं कुणी? हॅम रेडिओनं!

तेवढ्यात अरविंदच्या वडिलांचं माझ्याकडे लक्ष गेलं. कमरेला पट्टा, हाताला ग्रीस, खिशात पकड. ते प्रेमानं म्हणाले, "अरे, या केबलवाल्यालाही पोहे द्या! बिचारा सकाळपासून वर लटकलाय. काय हो, देवासला येता का? आमच्याकडे अजून कनेक्शन नाहीये."

जयू तोंडाला पदर लावून हसत होती. पोहे समोर आले होते, गरम होते.

"येईन की," मी म्हणालो. "शेव जरा जास्त घाला."