रेडिओ सोबत आणावा

"शनिवारी सभागृह अर्धं तरी भरलं पाहिजे," ट्रस्टचे केतकर म्हणाले. "नाहीतर शनिवार कॉम्प्युटर क्लासला जाईल. त्यांची पोरं जिन्यात बसूनही शिकायला तयार आहेत. मी स्वतः येऊन बघणार आहे."

नारायण पेठेतल्या या सभागृहात हिंमतराव वासनिक कित्येक वर्षं दर शनिवारी संध्याकाळी चित्रपट दाखवत आले होते. नोकरी टेलिफोन खात्यात, पण जीव सगळा पडद्यात. शनिवार गेला तर आठवड्यात उरायचं काय, हा विचारही त्यांना सोसत नव्हता. त्यातून नव्व्याण्णवचा जून. कारगिलची लढाई सुरू झाल्यापासून लोक टीव्हीसमोरून हलत नव्हते, आणि हिंमतरावांनी नेमके याच शनिवारी नवे मूकपट लावले होते. चैताली नावाच्या मुलीने पदरमोड करून बनवलेले.

"सर, पार्श्वसंगीतसुद्धा नाहीये," तिने अभिमानाने सांगितलं होतं. "लोकांना शांतता फील झाली पाहिजे."

"बोलक्या सिनेमाला कोणी फिरकत नाही, मुक्याला कोण येणार?" घरी त्यांच्या पत्नी नंदाताई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "तेही बातम्या सोडून?"

"बातम्या कशाला सोडायच्या?" हिंमतराव म्हणाले आणि त्यांचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी सभागृहाच्या दारातल्या फळ्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात मजकूर झळकला. 'खास शिफारस. नवे मूकपट. युद्धाच्या बातम्या ऐकता ऐकता पाहता येतील असे एकमेव चित्रपट. संवाद नसल्याने संवाद चुकण्याची भीती नाही. रेडिओ सोबत आणावा.'

फळा दिसला की पुणेकर वाचतो, आणि वाचला की त्यात चूक काढतो. या फळ्यात ती सापडेना, तेव्हा लोक चौकशीला आत येऊ लागले.

"फक्त युद्धच, की वर्ल्ड कपची कॉमेंट्रीही चालेल?"

"चालेल की."

"नातवाला ठेवायला कोणी नाही हो," राधाताई म्हणाल्या. "आणि तो रडतो."

"रडू द्या. ऐकायला आहेच काय?"

गिरणीवाल्या सोनबांनी घोरण्याची परवानगी काढली. एका भिशी मंडळाने त्या दिवशीची भिशी तिथेच उघडायचं ठरवलं. एकदा 'हो' म्हणायची चटक लागली की माणूस थांबत नाही. हिंमतरावही थांबले नाहीत.

शनिवारी मुंगी शिरायला जागा नव्हती. चैतालीचे डोळे भरून आले. "सर, सायलेंट फिल्मला एवढी माणसं?" हिंमतरावांनी विषय बदलला आणि तिला पहिल्या रांगेत केतकरांच्या शेजारी बसवलं.

दिवे गेले. पडद्यावर एका म्हातारीने स्टोव्ह पेटवला. सभागृहात उजवीकडून शिखरावरची चकमक सुरू झाली आणि डावीकडून षटकं. म्हातारीने चहाचं आधण ठेवलं, तेवढ्यात कुठेतरी विकेट पडली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याने राधाताईंचा नातू उठला. नातवाने सोनबांना उठवलं. त्यात पडद्यावर कोणी काही सांगत नसल्यामुळे ते काम लोकांनी अंगावर घेतलं.

"तो भिंतीवर फोटो आहे ना, ही त्याची आई."

"आई कुठली? मावशी असणार. आई एवढा साधा चहा करेल का?"

"अहो, साखर विसरली ती!"

चैतालीने वळून मागे पाहिलं. "सर, प्लीज, थांबवा ना हे," ती रडवेल्या आवाजात म्हणाली.

हिंमतराव मधल्या वाटेत येऊन ओरडले, "कृपया शांतता पाळा!"

"फळ्यावर काय लिहिलंय?" मागून एक गृहस्थ उठून म्हणाले. "आम्ही वाचून आलोय. ऐकून नव्हे."

हिंमतराव भिंतीला टेकून केतकरांच्या पाठीकडे बघत राहिले. पाठ तसूभरही हलत नव्हती. माणूस संतापाने ताठ झालेला दिसत होता. शनिवार गेला, त्यांनी मनाशी म्हटलं. शनिवारही गेला आणि पोरीची मेहनतही आपणच मातीत घातली. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

दिवे लागले. केतकर सावकाश उठले. त्यांच्या हातात रुमाल होता आणि डोळे लाल झाले होते.

"मुली," ते चैतालीला म्हणाले, "ती दुसरा कप भरते आणि मग परत भांड्यात ओतते ना, तिथं मला राहवलं नाही. माझा पुतण्या आहे तिकडे, सीमेवर. त्याची आई अशीच दोन पानं वाढते."

चैताली त्यांच्याकडे बघतच राहिली. तोच प्रसंग तिने सतरा वेळा कापून जोडला होता.

"आणि हिंमतराव, शनिवार तुमचाच. क्लासला रविवार देऊ. मला खरं कौतुक वाटलं ते प्रेक्षकांचं. एवढी माणसं, पण हूं की चूं नाही!"

हिंमतरावांचा आ वासला तो मिटेना. केतकरांनी सदऱ्याच्या खिशातून श्रवणयंत्र काढलं. "मूकपटाला उगाच बॅटरी कशाला जाळायची, म्हणून काढून ठेवलं होतं," असं म्हणत त्यांनी ते कानात बसवलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"बघा!" ते मागे वळून म्हणाले. "पिक्चर संपायचा अवकाश, झाली यांची तोंडं सुरू!"